साठ फॉर्म आणि एक खून

मान वर करून, कौलांकडे बघत रस्त्यानं चालणारी चोवीस वर्षांची मुलगी दिसली की रत्नागिरीत लोक दोनच तर्क करत. एक तर ही कुटुंबनियोजनवाली असणार, नाहीतर हिचं डोकं फिरलेलं असणार. पहिला तर्क करणारे दार लावून घेत. दुसरा करणारे निदान बसायला पाट तरी देत. मी तिसऱ्याच कामाची होते. मी लोकांची मतं गोळा करत असे, आणि कौलांकडे बघायची ती टीव्हीची अँटेना दिसते का म्हणून.

पुढे या धंद्याला 'मार्केट रिसर्च' असं भारदस्त नाव मिळालं आणि मी त्यात सव्वीस वर्षं काढली. साबण, चहा, सिमेंट, कोंबडीचं खाद्य, कशाबद्दल म्हणून लोकांना छळायचं ठेवलं नाही. पण आठवण काढायची म्हटली की मला पहिलंच काम आठवतं. त्या कामात मी एकदा खोटं बोलले. ते कशासाठी बोलले याबद्दल माझा बरीच वर्षं गोड गैरसमज होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावात टीव्ही नवा होता. ज्याच्याकडे तो असे त्याच्या घरी रविवारी चपला मोजायला माणूस ठेवावा लागे. मुंबईच्या एका कंपनीनं एक मराठी टेलिफिल्म काढली होती आणि ती एका रविवारी संध्याकाळी दाखवली गेली. खून, कोर्ट आणि विनोद असा मसाला. मुंबईबाहेरच्या माणसाला खून आणि विनोद एका ताटात पचतात की नाही, हे कंपनीला हवं होतं. रत्नागिरीच्या वाट्याला साठ घरं आली, आणि ती साठ घरं माझ्या वाट्याला. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं होतं की दारोदार फिरणं चांगल्या घरातल्या मुलीला शोभत नाही, तू गुमान बी.एड. कर. त्यांचं म्हणणं खरं ठरू द्यायचं नाही, एवढ्या एका हट्टानं मी ते काम घेतलं.

काम असं होतं. आळीत शिरायचं, अँटेना मोजायच्या, दर तिसऱ्या अँटेनाखालचं घर गाठायचं. घरात शिनेमा बघितलेल्या एकाच माणसाला बाजूला घेऊन फॉर्म भरायचा. आधी एक वाक्य पाठ म्हणायचं: "आपलं मत पूर्णपणे गुप्त ठेवलं जाईल." मग चौदा प्रश्न. प्रत्येकाला पाच उत्तरं, 'खूप आवडलं'पासून 'अजिबात आवडलं नाही'पर्यंत. त्यातल्या एकावर बरोबरची खूण. शेवटी दोन ओळींची मोकळी जागा, तिथे माणूस बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं.

आता कोकणातल्या माणसाला पाचांतलं एक उत्तर निवडायला सांगणं म्हणजे मांजराला रांगेत उभं करणं. आणि 'बाजूला घेऊन' हे तर मुंबईच्या माणसानंच लिहावं. मी एकाला विचारायची आणि पडवीतले नऊ जण उत्तर द्यायचे. दहावा कुंपणापलीकडून.

गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एक खडूस, श्रीमंत म्हातारी असते. ती एका सकाळी उशीखाली गुदमरून मेलेली सापडते. आळ येतो उडाणटप्पू भाच्यावर. त्याचं वकीलपत्र घेतात एक गोलमटोल, विसरभोळे वकील, जे भर उलटतपासणीत स्वतःचा चष्मा शोधतात. शेवटी निघतं असं की खून केला इंदूनं. इंदू म्हणजे अठरा वर्षं म्हातारीचं सगळं करणारी, अंथरुणापासून औषधापर्यंत. ती कोर्टात उभी राहून कबूल करते, पोलीस तिला नेतात, तेवढ्यात वकिलांचा चष्मा त्यांच्याच डोक्यावर सापडतो, आणि न्यायाधीशांसकट सगळं कोर्ट हसतं. समाप्त.

पहिलंच घर खालच्या आळीत एका निवृत्त बेलिफांचं लागलं. कोर्टाच्या नोटिसा घरोघर पोचवण्यात त्यांचा जन्म गेला होता. प्रश्न होता, 'न्यायालयीन दृश्यं कितपत वास्तव वाटली?'

"तारीख कुठे पडली?" ते म्हणाले.

"कसली?"

"अगो, कोर्टातली. एकसुद्धा तारीख पडली नाही! खून सोमवारी, निकाल गुरुवारी. माझ्या हयातीत साधी नोटीस गुरुवारपर्यंत पोचली नाही, आणि ती पोचवणारा मीच होतो."

पुढचं घर एका वकिलांचं. त्यांनी फॉर्म आधी स्वतः वाचला, तीन प्रश्नांना हरकत घेतली, आणि 'आवडला' यावर खूण करू दिली, पण पुढे 'सर्व हक्क राखून' असं लिहायला लावलं. एका मास्तरांनी उत्तरं दिलीच नाहीत, लाल पेन्सिल काढून फॉर्मातलं शुद्धलेखन तपासलं. त्यांचंही चुकलं नव्हतं. 'विनोदाची मात्रा आपणांस कशी वाटली?' हा प्रश्न मी मिरकरवाड्यात विचारला तेव्हा एका मासेवाल्या मावशीनं "मात्रा आमी लहान पोरांना देतो," असं सांगून मला मधासकट कृती दिली. शिनेमाबद्दल तिचं मत एवढंच होतं: "मेलेली बाय श्वास घेत व्हती. पोट खाली-वर, खाली-वर. खून झालाच न्हाय तर खटला कसला?"

नाचणे गावाच्या वाटेवर एका घरात शेवटच्या दहा मिनिटांआधी वीज गेली होती. त्यांनी चर्चा करून आपला खुनी आपणच ठरवला होता: शेजारचा डॉक्टर. खरा शेवट सांगायची मला बंदी होती. 'शेवट कसा वाटला?' याला घरच्या आजोबांनी ठासून सांगितलं, "उत्तम. डॉक्टर मला पहिल्यापासून आवडला नव्हता." मी 'खूप आवडला'वर खूण केली. करते काय?

एक कबुली इथेच देऊन टाकते. साठांतला एक फॉर्म मी घरी बसून भरला. त्या घरी तीनदा गेले, तिन्ही वेळा कुलूप. चौथ्यांदा चढ चढायचं जीवावर आलं. चौदाही प्रश्नांना सुबक खुणा केल्या आणि शेवटी लिहिलं, 'चित्रपट मनोरंजक व उद्बोधक वाटला.'

आणि मग सुर्व्यांचं घर. नाचण्यातलंच. नवरा मुंबईला गिरणीत, टीव्ही त्यानं गणपतीला येताना डोक्यावरून आणलेला. घरात सासू आणि सून, दोघीच. सासू पुढच्या पडवीत गुडघ्यांना तेल चोळत बसलेली. ती म्हणाली, "माजे डोळे गेलेत, सुनेला इचार." सून, कुसुम, मागल्या दारी चिंचेनं तांब्या घाशीत होती. तिशीची असेल. सगळ्या प्रश्नांना ती "बरा हाय," एवढंच म्हणाली. मी आपली खुणा करत गेले. शेवटच्या मोकळ्या जागेपाशी आले आणि विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

ती घासायची थांबली.

"त्या इंदूला पकडायला नको व्हतं."

"म्हणजे?"

"म्हातारी मेली त्याचं मला काय वाईट वाटलं न्हाय. अठरा वर्षं हिनं तिचं हगणं-मुतणं काढलं. कोन बोललं काय, बाई, तू दमलीस? पोलीस तिला नेत व्हते आनि त्यो ढेरपोट्या चष्मा हुडकीत व्हता. आनि सगळे हसतायत." तिनं तांब्या परत ओढला. "आमच्याकडं जमलेले पन हसले. मी न्हाय हसले."

मी लिहून घेतलं. जरा शुद्ध करून, पण सगळं. तोपर्यंतच्या घरांत कुणाला इंदूचं नावही आठवलं नव्हतं.

फॉर्म मुंबईला गेले आणि पंधरा दिवसांत त्यांच्या मागोमाग सबनीस आले. कंपनीचे सुपरवायझर. सफारी सूट, ब्रीफकेस आणि उकळलेल्या पाण्याची बाटली. त्यांनी माझ्या गठ्ठ्यातून काही फॉर्म काढून टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

"मिस भाटकर, 'मेलेली बाई श्वास घेत होती.' 'सर्व हक्क राखून आवडला.' 'खुनी डॉक्टर होता.' डॉक्टर? अहो, तुम्ही तरी पिक्चर बघितलात का? माणसं असं बोलतात का?"

"रत्नागिरीत बोलतात."

"मला वाटतं, हे सगळं तुम्ही घरी बसून लिहिलंय." मग त्यांनी एक फॉर्म वेगळा काढला आणि मायेनं त्यावर हात फिरवला. "हा बघा. असा फॉर्म हवा. स्वच्छ, मुद्देसूद. 'मनोरंजक व उद्बोधक.'"

तो तपासायची त्यांना गरज वाटली नाही. बाकीचे तपासायला आम्ही दोघं निघालो.

साक्षीदार फुटतात म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकले. वकिलांनी "असं काही म्हटल्याचं स्मरत नाही," असं सांगितलं आणि सही दाखवा म्हणाले. फॉर्मावर सही घेत नसत. बेलिफांनी सबनिसांकडेच ओळखपत्र मागितलं, ते नव्हतं, तेव्हा त्यांना पायरीवरून वर घेतलं नाही. वीज गेलेल्या घरातल्या आजोबांना एव्हाना गावानं शेवट सांगितला होता. "डॉक्टर?" ते माझ्याकडे बघून म्हणाले, "छे! खून इंदूनं केला. आम्ही पहिल्यापासून तेच म्हणत होतो." मिरकरवाड्याची मावशी काय ती मर्द निघाली. तिनं पोट खाली-वर करून दाखवलं. पण ती टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली होती, आणि सबनिसांना तिचं अर्धं बोलणं कळलं नाही.

दुपारी सुर्व्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा माझ्या बाजूनं बोलणारा एकही माणूस उरला नव्हता. पडवीत सासू बसलेली, शेजारच्या दोन बायका तांदूळ निवडीत होत्या. कुसुम पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली.

"काय वो, पोलीस काय तुमी?" सासूनं विचारलं.

"नाही आजी. फक्त खात्री करायचीय." सबनिसांनी फॉर्म काढला. मी म्हटलं, "सर, आत एकट्यांना विचारू या." त्यांनी हातानंच मला गप्प केलं आणि शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं, "'म्हातारी मेली याचं मला वाईट वाटलं नाही. अठरा वर्षं तिचं करणारी दमली असेल, हे कुणी म्हटलं नाही. इंदूला पकडायला नको होतं.' हे मत या घरातल्या सूनबाईंचं आहे का?"

तांदूळ निवडणारे हात थांबले. सासूचा तेलाचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. मी कुसुमकडे बघितलं. तिचे ओठ उघडे होते, तांब्यातलं पाणी हिंदकळून पायावर सांडत होतं. आपलं मत पूर्णपणे गुप्त ठेवलं जाईल. हे वाक्य मी एकोणसाठ वेळा पोपटासारखं म्हटलं होतं.

"त्यांचं नाही ते," मी म्हणाले. "मी लिहिलंय. घरी बसून."

सबनिसांचा चेहरा उजळला. आपला संशय खरा ठरल्यावर माणूस किती सुंदर दिसतो! त्यांनी लाल पेन काढलं आणि तिथेच, पडवीच्या कठड्यावर फॉर्म ठेवून, आडवं 'रद्द' लिहिलं.

"थांबा वो जरा," सासू म्हणाली. "कुनी का लिवलेलं असंना, लिवलंय बेस." आम्ही सगळेच तिच्याकडे बघायला लागलो. "माजी सासू नव्वदीला गेली. सात वर्षं खाटेवर. तोंड असं, की कावळा बसायचा न्हाय अंगनात. मी पन दोनदा उशी हातात घेतलेली. मंग परत तिच्या डोक्याखाली सारली." तिनं सुनेकडे मान वळवली. "उभी काय ऱ्हायलीस? साहेबांना पानी दी. आनि माज्या उशीतला कापूस वाईच कमी कर."

शेजारणी पदर तोंडाला लावून फुटल्या. सबनीस उकळलेल्या पाण्याची बाटली विसरून तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले. मला सुटल्यासारखं झालं आणि मीही हसले. कुसुम तेवढी आत गेली.

रस्त्यावर आल्यावर सबनिसांनी फॉर्म ब्रीफकेसमध्ये टाकला. मग म्हणाले, "तुम्ही खोटं आत्ता बोललात की आधी फॉर्मात लिहिलंत, हे मला खरंच कळत नाही. पण फॉर्म घरी भरल्याचं कबूल करणाऱ्या माणसाला मी पुढचं काम देऊ शकत नाही."

गंमत बघा. फॉर्म मी घरी भरला होता हे खरंच होतं, फक्त हा नव्हे. मी मान डोलावली. आप्पांना सांगितलं तेव्हा ते "तरी मी म्हणत होतो," असं म्हणाले नाहीत, चहा ठेव म्हणाले. ते म्हणण्याहून वाईट होतं. सहा महिने मी घरी बसून होते. मनात मात्र स्वतःला मोठी मानत होते. एका गरीब सुनेला वाचवायला आपण नोकरीवर पाणी सोडलं, वगैरे. पुढे दुसऱ्या एका कंपनीनं चहाच्या पाहणीसाठी बोलावलं. माझं नाव सबनिसांनीच सुचवलं होतं, असं नंतर कानावर आलं. का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्या चहाच्या कामावर असताना एका सकाळी एस.टी. स्टँडवर मला कुसुम दिसली. संगमेश्वरला माहेरी निघाली होती, पायाशी फणसाची पिशवी. मी मोठ्या खुशीत तिच्याजवळ गेले. मला वाटलं, आता ही माझे आभार मानणार.

"कशा आहात? सासूबाई काय म्हणतात?"

"बरी हाय." तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "बाई, तुमी त्या दिवशी खोटं का बोललात?"

"अहो, तुमच्यासाठीच! सासूबाई समोर बसलेल्या..."

"माज्या सासूला मी चौदा वर्षं वळखतेय. तुमी किती वेळ वळखत व्हता?"

मी फॉर्मांची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली.

"भाकरी झाली काय, पानी तापलं काय, येवढंच मला इचारतात. काय वाटतं म्हनून पयल्यांदा तुमी इचारलंत. वर लिवून घेतलंत. मी तीन दिवस तेच आठवीत व्हते." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्यो साहेब बोलला, ह्ये मत तुमचं काय. मी होय म्हननार व्हते. तोंड उघडलं व्हतं मी. तुमी आधी बोललात, की तुमचंच हाय."

स्टँडवर नेहमीचा गोंधळ चालला होता. मी पिशवीतून चहाचा एक कोरा फॉर्म काढला, उलटा केला, गुडघ्यावर ठेवला.

"परत सांगता?"

तिला हसू आलं असावं, पण तिनं ते दाखवलं नाही. "आता काय उपेग? शिनेमा जाऊन वर्स होत आलं."

"तरी सांगा."

तिनं सांगितलं. या वेळी मी एक शब्दही शुद्ध केला नाही, तिचे 'न्हाय' आणि 'व्हतं' तसेच ठेवले. इतक्यात संगमेश्वरची गाडी लागली. ती पिशवी घेऊन चढली, खिडकीशी बसली आणि म्हणाली, "वाचा बगू."

मी खिडकीखाली उभी राहून वाचलं. गाडीतली चार माणसंही ऐकू लागली. तिची हरकत दिसली नाही.

"नाव लिवलंत?"

"नाव लिहायची गरज नसते, तसं. गुप्त..."

"लिवा. आक्कं लिवा."

मी लिहिलं. कंडक्टरनं दार ओढलं. गाडी हलली तशी ती खिडकीतून जवळजवळ अर्धी बाहेर वाकली.

"बाई! 'म्हातारी मेली त्याचं वाईट वाटलं न्हाय', ह्ये खोडा! वाटलं व्हतं! थोडं!"

मी गाडीबरोबर चालता चालता ते खोडलं आणि वर 'थोडं वाटलं व्हतं' असं लिहिलं. तिला दिसावं म्हणून कागद उंच धरला.